घरात येणारा पैसा आणि मुलांचा पुढचा धंदा



या सदरात आपण बेणे निवड, बेणेप्रक्रिया, खोडवा व्यवस्थापन, हुमणीचा बंदोबस्त असे विषय घेत असतो. या वेळी विषय थोडा वेगळा आहे. कुणी म्हणेल की ऊस विकास विभागाने उसाचेच सांगावे. पण गटसभेत उसाची चर्चा आटोपली आणि चहा आला की निम्मे सभासद एकच गोष्ट विचारतात. "साहेब, पोट्ट्याले कारखान्यात कोठीबी चिकटवून द्या." पोरगा बारावी झालेला असतो, कुणाचा पदवीधरही असतो. वावरात त्याचे मन लागत नाही आणि बाहेर कुणी उभे करत नाही. दुसरीकडे त्याच घरात आता सरकारकडून दर महिन्याला, दर चार महिन्यांनी काही ना काही रक्कम बँकेत जमा होते. या रकमेचा आणि त्या पोराच्या पुढच्या धंद्याचा काही संबंध लागतो का, लागत नसेल तर कसा लावता येईल, हा आजचा विषय आहे.

वावर किती उरले?

आधी जमिनीचा हिशोब पाहू. १९७०-७१ च्या कृषी गणनेत महाराष्ट्रातील एका खातेदाराकडे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६ च्या गणनेत ती १.३४ हेक्टरवर आली. म्हणजे आजोबाच्या काळी साडेदहा एकर असलेले सरासरी खाते नातवाच्या काळी सव्वातीन-साडेतीन एकरांचे झाले. जमीन कुठे गेली नाही, हिस्सेवाटणीत धुरे वाढले. आपल्या नांदगाव खंडेश्वर तालुक्यात तर बहुतेक शेती कोरडवाहू; सोयाबीन, तूर, कपाशी ही मुख्य पिके. ऊस आहे तो विहिरीच्या आणि पाटाच्या पाण्यावर, सभासदामागे एक-दोन एकर. एवढ्यावर एक संसार कसाबसा चालतो. दोन भावांचे दोन संसार त्याच वावरात चालवायचे म्हटले तर दोघेही अर्धपोटी राहतात.

म्हणून दोन मुलांपैकी निदान एकाला तरी बापाच्या धंद्याहून वेगळा धंदा लागणार, हे आपल्या प्रत्येकाला मनातून ठाऊक आहे. मुलींच्या बापांनाही ते ठाऊक आहे. सोयरीक बघायला गेल्यावर "पोरगा काय करते?" या प्रश्नाचे "शेती करते" एवढे उत्तर आज पुरत नाही. पंचविशी-तिशी उलटलेली, लग्न न झालेली मुले आपल्या गावागावांत आहेत. हा प्रश्न नुसता नोकरीचा राहिलेला नाही.

येथे एक खुलासा करतो. शेती सोडली म्हणजे माणूस वर गेला, असे मी म्हणत नाही. स्वतःचे तीन एकर सोडून पुण्यात रखवालदारी करणारा मुलगा बापाच्या वर गेला की खाली, हे त्याच्या पगारातून खोलीभाडे आणि खानावळ वजा केल्याशिवाय सांगता येत नाही. उलट, गावातच राहून उसाच्या रोपांची रोपवाटिका चालवणारा, ठिबकचे संच बसवून देणारा, ट्रॅक्टर आणि पंप दुरुस्त करणारा मुलगा खरोखर नव्या धंद्यात गेलेला असतो. हातात कसब असावे आणि दोन-तीन मार्गांतून निवड करता यावी, याला मी पुढे जाणे म्हणतो.

घरात येणारे पैसे चार प्रकारचे

सगळ्या योजनांना आपण सरसकट "अनुदान" म्हणतो. पण त्यांचे स्वभाव वेगळे आहेत आणि ते ओळखले तर वापर नीट करता येतो.

पहिला प्रकार बिनअटीच्या पैशाचा. प्रधानमंत्री किसान सन्मान निधी २०१९ च्या फेब्रुवारीत सुरू झाला. वर्षाला ६,००० रुपये, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत. त्यात राज्याने २०२३ पासून नमो शेतकरी महासन्मान निधीचे ६,००० घातले. जून २०२४ च्या राज्य अर्थसंकल्पात मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना जाहीर झाली. २१ ते ६५ वर्षे वयाच्या, अडीच लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या पात्र महिलेला महिना १,५०० रुपये. ज्या बाईच्या स्वतःच्या नावावर किसान सन्मानाचे दोन्ही निधी येतात तिला लाडक्या बहिणीचे ५०० रुपयेच मिळतात, हे लक्षात ठेवावे. आयकर भरणारे किंवा उत्पन्नाच्या मर्यादेबाहेरचे सभासद यात बसत नाहीत. या पैशाचे काय करायचे, हे सरकार विचारत नाही.

दुसरा प्रकार टप्प्याच्या पैशाचा. लेक लाडकी योजनेत १ एप्रिल २०२३ नंतर पिवळ्या किंवा केशरी शिधापत्रिकेच्या कुटुंबात जन्मलेल्या मुलीला जन्मानंतर ५,०००, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर ७५,००० असे एकूण १,०१,००० रुपये आहेत. मुलगी शाळेत पुढे सरकेल तसा पैसा पुढे सरकतो.

तिसरा प्रकार शिक्षणासाठी घराबाहेर राहणाऱ्या मुलाच्या निर्वाहाचा. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आणि अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, या दोन्ही २०१६ च्या सुमारास सुरू झाल्या. यांच्याविषयी पुढे सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते आपल्या विषयाचे मर्म येथेच आहे.

चौथा प्रकार कामाबरोबर मिळणाऱ्या पैशाचा. २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावी झालेल्याला महिना ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन देऊन कार्यालयात किंवा आस्थापनेत काम शिकायला पाठवायचे, अशी तिची रचना. सुरुवातीला मुदत सहा महिन्यांची होती, पुढे ती वाढवली गेली. मुदत संपली की विद्यावेतन थांबते, नोकरीची हमी त्यात नाही. म्हणून त्या महिन्यांत मुलगा काय शिकला, हीच खरी कमाई.

सातासमुद्रापलीकडचा एक अनुभव

घरात पैसा दिल्याने पुढच्या पिढीचा धंदा बदलतो का, याची जगातली मोठी परीक्षा मेक्सिको देशात झाली. तेथे १९९७ साली प्रोग्रेसा नावाची योजना खेड्यांतून सुरू झाली. पुढे तिचे नाव दोनदा बदलले आणि २०१९ मध्ये ती बंद झाली. पैसा आईच्या हाती द्यायचा. अट अशी की मुले शाळेत नियमित हजर राहिली पाहिजेत आणि घरच्यांनी दवाखान्यात तपासणी करून घेतली पाहिजे. इयत्ता वाढेल तशी रक्कम वाढे, आणि माध्यमिक शाळेत मुलींना मुलांपेक्षा थोडी जास्त मिळे. कारण मुली नेमक्या तेथेच गळत होत्या.

वीस-बावीस वर्षांत अभ्यासकांनी तिच्यावर पुष्कळ लिहिले. त्यातून आपल्या कामाच्या दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की मुले जास्त वर्षे शिकली. प्राथमिक शाळेत फरक थोडा पडला, कारण तेथे मुले आधीच जात होती. मोठा फरक पडला तो पुढच्या शाळेत जाण्याच्या वळणावर, त्यातही मुलींत. अशा मुली मोठ्या झाल्यावर पगाराच्या कामात जास्त दिसल्या. दुसरी गोष्ट अशी की शिक्षण वाढले तरी धंदा त्या प्रमाणात बदलला नाही. ज्या खेड्यात बापाच्या कामाशिवाय दुसरे काम नव्हते, तेथे जास्त शिकलेला मुलगाही पुष्कळदा बापाच्याच कामावर आला. पैशाने त्याला शाळेच्या दारापर्यंत नेले, पुढे कामाचे दार उघडणारे कुणी नव्हते.

आपल्या शेजारी मध्य प्रदेशात २०११-१२ मध्ये सेवा या महिला संघटनेने युनिसेफच्या साह्याने लहानसा प्रयोग केला होता. काही गावांत प्रत्येक मोठ्या माणसाला महिना २०० आणि मुलाला १०० रुपये, कोणतीही अट न घालता, वर्षभराहून थोडे अधिक काळ दिले. मध्येच रक्कम वाढवली. लोक काम सोडून बसतील अशी पुष्कळांना भीती होती. तसे झाले नाही. मुलांची शाळेतली हजेरी सुधारली, आणि आदिवासी गावात दुसऱ्याकडे मजुरीला जाणारे लोक बियाणे-खत घेऊन स्वतःच्या वावरात राबू लागले. म्हणजे हाती थोडी निश्चित रक्कम असली की माणूस कोणते काम करायचे ते थोडेफार स्वतः ठरवू शकतो.

उचल आणि अनुदान

हा मुद्दा आपल्या फडातच बघता येईल. आपल्या शेतात ऊस तोडायला येणारी टोळी हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेते. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल हाही घरात आलेला रोख पैसाच, आणि तो अनेकदा अनुदानापेक्षा मोठा असतो. पण तो फिटेपर्यंत माणूस कोयत्याला बांधला जातो. दिवाळीनंतर बिऱ्हाड निघते, मुलगा अर्ध्या वर्षात शाळा सोडून बरोबर येतो, पाचटाच्या खोपीत राहतो, आणि सोळा-सतराव्या वर्षी त्याच्याही हाती कोयता येतो. लग्न झाले की आणखी एक जोडी तयार. बापाचा धंदा मुलाकडे जाण्याचे याहून उघड उदाहरण मला माहीत नाही.

यावर उपाय म्हणून राज्यात गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे. त्यासाठी गाळपाच्या टनामागे १० रुपये कारखान्यांकडून आणि तेवढाच वाटा राज्याकडून, असे ठरले आहे. त्याच्याशी जोडलेली संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना २०२१ मध्ये आली. आईबाप तोडीला गेले तरी मुले गावाकडे राहून शिकावीत, हा तिचा हेतू. हातात रक्कम देण्यापेक्षा मुलाला हंगामभर छप्पर आणि जेवण देणे येथे जास्त कामाचे ठरते, कारण हातातली रक्कम उचलीच्या वळत्यात जाऊ शकते. आपल्या फडात आलेल्या टोळीची मुले जवळच्या शाळेत बसवणे हे सभासद म्हणून आपल्याला आजही करता येते. त्याला पैसा लागत नाही, मुख्याध्यापकांना एकदा भेटावे लागते.

आता आपल्याकडे वळू. सावकाराचे, खतवाल्याचे, दुकानदाराचे देणे असलेल्या घरात सन्मान निधीचा हप्ता आला की तोही उचलीसारखाच मागच्या देण्यात जिरतो. "पैसा येते अन् जाते, समजतच नाही," असे सभासद भगिनी म्हणतात ते यामुळेच. समृद्धी महामार्ग आपल्या तालुक्यातून गेला तेव्हा ज्यांची जमीन गेली त्यांच्या हाती एकदम मोठी रक्कम आली. त्या रकमेतून घर बांधले, गाडी घेतली तर तो खर्च तेथेच संपला. तीच रक्कम मुलाच्या कसबात किंवा दुसऱ्या वावरात घातली असती तर पुढे उत्पन्न चालू राहिले असते. लहान रकमेचे गणितही असेच असते.

आपल्या तालुक्याने दाखवलेला रस्ता

मुलाला बापाच्या धंद्याबाहेर नेणारी वाट विदर्भाला नवी नाही, आणि तिचा एक उगम आपल्याच तालुक्यात आहे. डॉ. पंजाबराव देशमुख यांचा जन्म १८९८ साली पापळ येथे शेतकरी घरात झाला. १९२० मध्ये ते विलायतेला गेले, एडिंबरो विद्यापीठाची डॉक्टरेट आणि बॅरिस्टरी घेऊन परतले. १९३२ साली त्यांनी अमरावतीला श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली. १९५२ ते १९६२ ते देशाचे कृषिमंत्री होते. पण आपल्या दृष्टीने त्यांचे मोठे काम असे की शाळा-कॉलेज काढताना त्यांनी खेड्यातल्या मुलांच्या राहण्या-जेवणाचीही सोय पाहिली. शेतकऱ्याचा मुलगा हुशार असला तरी शहरात राहील कुठे आणि खाईल काय, हा प्रश्न त्यांनी ओळखला होता. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून बोर्डिंगे काढली ती याच कारणाने. साताऱ्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढून 'कमवा आणि शिका' शिकवले, तेही याच कारणाने. पुढे राज्य सरकारची फीमाफी आली. त्या वसतिगृहांतून आणि फीमाफीतून शेतकऱ्यांची मुले शिक्षक झाली, ग्रामसेवक झाली, वीज मंडळात आणि एस.टी.त लागली. आज आपल्या गावात जी निवृत्तिवेतन घेणारी घरे आहेत, त्यांतली बरीचशी या वाटेने आली.

आता त्या पिढीसारख्या नोकऱ्या उरल्या नाहीत, हे खरे. पण अडथळा जुनाच आहे. नांदगावहून अमरावती जवळ वाटते. पण अभियांत्रिकी, नर्सिंग, औषधनिर्माण, चांगले आयटीआय यांच्यासाठी मुलाला बाहेर ठेवावे लागते आणि फीपेक्षा खोली-खानावळ जड जाते. पंजाबरावांच्याच नावाचा निर्वाह भत्ता नेमका यासाठी आहे. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या, व्यावसायिक शिक्षण घेणाऱ्या मुलांसाठी सुरुवातीला मोठ्या शहरांत वर्षाला ३०,००० आणि इतर ठिकाणी २०,००० रुपये ठरले होते. दर आणि अटी वेळोवेळी बदलतात. अर्ज करताना त्या वर्षीचा शासन निर्णय महाविद्यालयात विचारून घ्यावा. स्वाधार योजनेत सुरुवातीचे दर मोठ्या शहरात ६०,०००, इतर महानगरपालिका क्षेत्रात ५१,००० आणि अन्यत्र ४३,००० रुपये असे होते.

अल्पभूधारक म्हणजे दोन हेक्टरपर्यंत, पाच एकरांच्या आतला. आपले बहुसंख्य सभासद यात बसतात. पण तहसीलचे अल्पभूधारक प्रमाणपत्र वेळेवर काढले नाही म्हणून अर्ज राहतो, आणि पोरगा पहिल्या वर्षीच खोलीभाड्याला कंटाळून घरी येतो.

खताचा हप्ता आणि पैशाचा हप्ता

ऊस उत्पादकाला ही गोष्ट लगेच समजेल. सुरू उसाला नत्राची शिफारस हेक्टरी २५० किलोची आहे. ती आपण एकदम देत नाही. लागणीच्या वेळी १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी ४० टक्के, बारा ते सोळा आठवड्यांनी १० टक्के आणि मोठ्या बांधणीला ४० टक्के देतो. फुटवा फुटताना आणि कांडी धरताना उसाला नत्र लागते. सगळा युरिया लागणीलाच टाकला तर पाण्याबरोबर वाहून जातो, आणि बांधणी चुकली तर नंतर कितीही टाकला तरी कांडी भरत नाही.

मुलाच्या बाबतीत असे दोन काळ येतात. एक, नववी-दहावी, जेव्हा तो गणित-इंग्रजीत मागे पडतो आणि शाळेतून मन काढतो. दुसरा, बारावीनंतरचे पहिले वर्ष, जेव्हा प्रवेशाची फी, अनामत, खोलीचे आगाऊ भाडे, खानावळ आणि पुस्तके सगळे एका महिन्यात येते. बाकी वर्षी थोडी ओढाताण चालते, या दोन वेळी चालत नाही.

आता आपल्या पैशाचे वेळापत्रक पाहा. कारखाना साधारण नोव्हेंबर ते मार्च चालतो, तेव्हा उसाचे बिल येते. सोयाबीनचा पैसा दिवाळीला, कापूस-तुरीचा हिवाळ्यात. प्रवेश मात्र जून ते ऑगस्टमध्ये, म्हणजे खरिपाच्या पेरणीत घर रिकामे झालेले असते तेव्हा. शिष्यवृत्ती आणि निर्वाह भत्ता मंजूर झाला तरी अर्ज, पडताळणी, हजेरी यांतून जाऊन हाती पडायला वेळ लागतो. म्हणजे ज्या दोन-तीन महिन्यांत मुलाचा मार्ग ठरतो, त्याच महिन्यांत घरात पैसा नसतो. मग बाप म्हणतो, "यंदा राहू दे, पुढच्या साली पाहू." ते पुढचे साल बहुधा येत नाही.

दरमहा येणाऱ्या लहान रकमेचा खरा उपयोग ही फट बुजवण्यासाठी आहे. हिशोब साधा आहे. लाडक्या बहिणीच्या १,५०० मधून निम्मे, म्हणजे ७५० रुपये, मूल नववीत गेल्यापासून बारावी संपेपर्यंत बाजूला ठेवले तर ४८ महिन्यांत ३६,००० रुपये मुद्दल होते, व्याज वेगळे. पहिल्या वर्षाचे प्रवेशाचे आणि खोलीचे ओझे उचलायला ही रक्कम बऱ्यापैकी पुरते, आणि पुढे भत्ता सुरू होतो. योजना उद्या बदलली किंवा थांबली तरी साठलेले आपलेच असते. ज्या घरी ही योजना नाही, त्यांनी उसाच्या प्रत्येक बिलातून ठरावीक रक्कम वेगळ्या खात्यात टाकावी. सोसायटीची कपात आपण निमूट देतो, तशी ही एक कपात पोरांच्या नावाने.

मुलीचे काय?

मुलीचा विषय बहुतेक सभासद लग्नाशी जोडतात. बारावीपर्यंत एस.टी.चा मोफत पास असतो, म्हणून तोवर ती शिकते. २०२३ पासून महिलांना एस.टी.त अर्धे तिकीट आहे. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास घटकांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. म्हणजे मुलाला शिकवण्यापेक्षा मुलीला शिकवणे आता कमी खर्चाचे आहे. तरी आपण तिच्या नावाने आलेले पैसे सोन्यासाठी किंवा लग्नासाठी राखतो. मेक्सिकोतला अनुभव वर सांगितलाच आहे. सगळ्यांत मोठा फरक मुलींतच दिसला. नर्सिंग, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, औषधनिर्माण ही कामे अमरावती-अकोल्यापासून कुठेही मिळू शकतात, आणि सासर कुठेही असले तरी ते कसब तिच्याबरोबर जाते.

ज्या घरचा कर्ता गेला, त्या घरासाठी आणखी एक सूचना. आपल्या वऱ्हाडात अशी घरे किती आहेत हे सांगायला नको. एक किंवा दोन्ही पालक गमावलेल्या गरजू मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे. महिन्याला २,२५० रुपये, अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत. विधवा भगिनींसाठी संजय गांधी निराधार योजना वेगळी आहे. दुःखाच्या दिवसांत कागदपत्रांचे भान राहत नाही. म्हणून शेजाऱ्यांनी आणि आमच्या गटातल्या कर्मचाऱ्यांनी स्वतःहून विचारणा करावी.

आपण काय करायचे?

१) घरातल्या प्रत्येक मुलाचे बँक खाते दहावीच्या आत उघडून आधारला जोडावे. थेट लाभाची रक्कम आधारला जोडलेल्या खात्यातच जाते. दुसरे खाते मागाहून जोडले तर पैसा तिकडे वळतो आणि "आमचे आलेच नाही" अशी तक्रार होते. ई-केवायसी लांबणीवर टाकू नये.

२) उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, अल्पभूधारक प्रमाणपत्र, लागू असेल तेथे जातीचा दाखला, जात वैधता आणि नॉन-क्रीमिलेअर, यांची तयारी बारावीचा निकाल लागण्याआधी करावी. निकालानंतर तहसीलला रांग लागते.

३) प्रवेश घेतल्याबरोबर महाडीबीटीवर अर्ज भरावा आणि त्याची स्थिती महिन्यातून एकदा पाहावी. वसतिगृहाचा दाखला किंवा भाडेकरार जपून ठेवावा.

४) आईच्या नावाने आलेला पैसा आईनेच हाताळावा. तिला न विचारता तो औषध-बियाण्याच्या उधारीत वळता करू नये. पेरणीसाठी पीककर्ज आहे, त्याची वाट वेगळी ठेवावी.

५) मुलाला "काहीतरी शिक" असे न सांगता कसब निवडायला सांगावे. साखर धंद्यातच बॉयलर, प्रयोगशाळा, विद्युत, यंत्रदुरुस्ती अशी कामे आहेत. पुण्याजवळ मांजरीला १९७५ साली साखर कारखान्यांच्या ऊस उत्पादक सभासदांनीच उभी केलेली वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट साखर तंत्राचे अभ्यासक्रम चालवते. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून आहे. तेथील कृषी पदविका घेतलेली मुले बियाणे, ठिबक, माती परीक्षण या कामांत लागतात किंवा स्वतःचे कृषी केंद्र काढतात. नांदगाव पेठच्या औद्योगिक वसाहतीत आयटीआयवाल्याची विचारणा होते, नुसत्या बारावीवाल्याला हमालीच मिळते.

६) युवा प्रशिक्षणासारख्या योजनेत मुलगा गेला तर तो तेथे कोणते यंत्र, कोणते काम शिकला हे दर आठवड्याला विचारावे. नुसती हजेरी लावून विद्यावेतन घेतले तर मुदत संपल्यावर तो होता तेथेच येतो.

कारखान्याकडून सगळ्यांना नोकरी मिळणे शक्य नाही. आपल्या एवढ्या क्षेत्राच्या कारखान्यात जागा मोजक्या आणि अर्जदार हजारो, हे सभासदांनी लक्षात घ्यावे. ऊस विकास विभागाच्या गट कार्यालयांतून आम्ही एवढे नक्की करू शकतो : लागण नोंदीसाठी सातबारा घेऊन येता, तेव्हाच अल्पभूधारक दाखल्याची विचारणा होईल, आणि मे महिन्यात प्रत्येक गटात दहावी-बारावीच्या मुलांची यादी करून कुणाचा कोणता कागद राहिला आहे ते सांगितले जाईल. वार्षिक सभेत सभासदांनी मांडल्यास, इच्छुकांच्या संमतीने बिलातून शिक्षणासाठी स्वेच्छा ठेव कापून ती जूनमध्ये परत करण्याचा विचार संचालक मंडळापुढे ठेवता येईल. त्यासाठी ठराव सभासदांकडूनच यावा लागेल.

येत्या गटसभेला येताना उसाच्या नोंदीबरोबर घरातल्या मुला-मुलींची इयत्ताही सांगावी. नववीत असलेल्या मुलाला अजून चार वर्षे आहेत. बारावीत असलेल्याला मोठी बांधणी लागली आहे, त्याचा हप्ता चुकवू नये.



आपला,
ऊस विकास अधिकारी